नसलेल्या प्रथिनाचा रंग

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात फ्रायबुर्गच्या मिखाएल हेन्के यांच्या गटाने एका चाचणीचे निष्कर्ष मांडले आणि कर्करोगतज्ज्ञ चक्रावून गेले. डोके आणि मान यांच्या कर्करोगाचे ३५१ रुग्ण. सगळ्यांचे रक्त कमी, सगळ्यांवर किरणोपचार चालू. काहींना एरिथ्रोपोएटिन दिले, म्हणजे डायलिसिसवरच्या रुग्णांच्या घरांत 'ईपीओचे इंजेक्शन' म्हणून ओळखले जाणारे औषध. इतरांना तसेच दिसणारे निष्क्रिय द्रावण. कल्पना सरळ होती. रक्त वाढले की गाठीला प्राणवायू पोचेल, आणि प्राणवायू पोचलेली गाठ किरणांपुढे लवकर नमते. हिमोग्लोबिन ठरल्याप्रमाणे वाढले. पण ईपीओ घेणाऱ्यांचाच कर्करोग आधी बळावला.

असे का व्हावे, याचे एक उत्तर लगेच सुचण्यासारखे होते. ईपीओ हा मुख्यतः मूत्रपिंडातून निघणारा संदेश. अस्थिमज्जेत तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशी असतात, त्यांच्यावर त्याचा ग्राही असतो : पेशीपटलातून आरपार गेलेले ५०८ अमिनो आम्लांचे एक प्रथिन. बाहेरच्या भागावर ईपीओ येऊन बसला की आतली शेपटी जागी होते आणि पेशीला जगण्याचा व वाढण्याचा हुकूम मिळतो. हाच ग्राही गाठीच्या पेशींवरही असला तर औषध रक्ताबरोबर गाठीलाही पोसणार. २००६ मध्ये हेन्के यांच्या गटाने त्याच चाचणीतल्या काही रुग्णांच्या जपून ठेवलेल्या गाठींचे काप काढले आणि ग्राही ओळखणाऱ्या एका अँटिबॉडीने ते रंगवले. बहुतेक काप रंगले. ज्यांच्या गाठी रंगल्या त्यांच्यात ईपीओ घेणाऱ्यांची गत वाईट झाली होती. ज्यांच्या रंगल्या नाहीत त्यांच्यात तसा फरक दिसत नव्हता. कोडे सुटल्यासारखे वाटले.

त्याच वर्षी 'ब्लड' या नियतकालिकात स्टीव्ह एलियट आणि सहकाऱ्यांचा एक लेख आला. त्यांनी गाठींकडे पाहिलेच नाही. त्यांनी अँटिबॉडीकडे पाहिले. ईपीओच्या ग्राहीचा शोध घेण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अँटिबॉडी त्यांनी एकेक करून तपासल्या, आणि प्रत्येक अँटिबॉडी ग्राहीखेरीज भलत्याच प्रथिनांनाही चिकटत असल्याचे दाखवले. हेन्के यांच्या गटाने वापरलेली, सर्वांत लोकप्रिय असलेली 'सी-२०' ही अँटिबॉडी कर्करोगाच्या पेशींत तीन वेगवेगळ्या आकारांची प्रथिने पकडत होती. त्यांतल्या ठळक प्रथिनाची ओळख पटवली तेव्हा ते निघाले एचएसपी७०, म्हणजे पेशीवर ताण आला की वाढणारे, जवळपास प्रत्येक पेशीत मुबलक असणारे एक मदतनीस प्रथिन. 'एम-२०' नावाची दुसरी एक अँटिबॉडी प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या वेस्टर्न ब्लॉट या चाचणीत खरा ग्राही दाखवत होती खरी, पण गाठींचे काप रंगवण्याच्या कामाला तीही निरुपयोगी होती.

गाठी रंगल्या होत्या यात शंका नाही. त्या रंगाचे नाव मात्र चुकले होते.

हे कसे घडते ते जरा सविस्तर पाहायला हवे, कारण यात लबाडी कुणाचीच नाही आणि म्हणूनच ते पुन्हा पुन्हा घडते. पटलप्रथिनाची अँटिबॉडी करायची तर अख्खे प्रथिन शुद्ध स्वरूपात हाती लागणे कठीण. पटलातून बाहेर काढले की ते आपला आकार सोडते, गोळा होऊन बसते. मग सोपा मार्ग असा, की त्याच्या एका टोकाचा छोटासा तुकडा रसायनशाळेत तयार करायचा, तो सशाला टोचायचा आणि काही आठवड्यांनी सशाच्या रक्तातून अँटिबॉडी वेगळ्या करायच्या. सशाच्या शरीराला प्रथिनाचे नाव माहीत नसते. त्याला फक्त तो तुकडा माहीत असतो. त्या तुकड्यासारखी अमिनो आम्लांची रांग दुसऱ्या एखाद्या प्रथिनात असली तर अँटिबॉडी तिथेही चिकटते. सी-२० च्या बाबतीत एचएसपी७० मध्ये तशी रांग होती.

इथे संख्येचा मुद्दा येतो, आणि तो बहुतेक वेळा नजरेआड होतो. अस्थिमज्जेतल्या ज्या पेशींचे आयुष्यच ईपीओवर अवलंबून असते, त्यांच्याही पृष्ठभागावर हा ग्राही हजाराच्या आसपास किंवा त्याहून कमीच असतो. पेशीत तयार होणाऱ्या ग्राहींपैकी बरेचसे पृष्ठभागापर्यंत पोचतच नाहीत, आतच मोडले जातात. दुसरीकडे एचएसपी७० चा पेशीत सुकाळ. एखादी अँटिबॉडी खऱ्या लक्ष्याला घट्ट आणि भलत्याला सैल चिकटत असली तरी भलत्याची संख्या इतकी अफाट असते, की कापावर दिसणारा रंग जवळजवळ सगळा भलत्याचाच. दुर्मीळ प्रथिनाच्या अँटिबॉडीकडून म्हणून मुबलक प्रथिनाच्या अँटिबॉडीपेक्षा कितीतरी कडक पुरावा मागायला हवा. प्रत्यक्षात उलटेच होते. प्रथिन दुर्मीळ, त्यावर काम करणारे थोडे, बाजारात अँटिबॉडी दोन-तीनच, आणि त्यांतली एखादी जराशी चालली तरी संशोधक समाधानी.

शिवाय पुरावा समोर होता, हे मला अधिक खटकते. वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिने आकारानुसार वेगळी होतात आणि अँटिबॉडी जिथे चिकटेल तिथे पट्टा उमटतो. शेजारी माप असते. ईपीओच्या ग्राहीचा पट्टा ५६-५७ किलोडाल्टनच्या जवळपास यायला हवा होता. छापून आलेल्या अनेक लेखांत तो ६६ ते ७८ वर होता. या तफावतीवर उत्तर तयार असे : प्रथिनाला साखरेच्या साखळ्या जोडल्या गेल्या असतील. पटलप्रथिनांना तशा साखळ्या जोडल्या जातात हे खरेच आहे, म्हणून ते उत्तर पटतेही. पण हे उत्तर तपासण्याजोगे होते. साखर तोडणारे विकर बाजारात मिळते. ते घालून पट्टा खाली सरकतो का, हे दोन दिवसांत कळते. आपल्याला हवा तोच पट्टा दिसला की माणूस मापाकडे पाहत नाही. समीक्षकांनीही पाहिले नाही.

आता या गोष्टीतला सर्वांत अवघड भाग. एलियट आणि त्यांचे सहकारी ॲमजेन या कंपनीत काम करत होते. ईपीओचा जनुक याच कंपनीच्या फू-कुएन लिन यांनी वेगळा केला. १९८९ मध्ये अमेरिकेत हे औषध विक्रीस आले आणि त्यावर ही कंपनी उभी राहिली. गाठींवर ईपीओचा ग्राही नाही, हा निष्कर्ष कंपनीच्या सोयीचा होता. पुढे याच कंपनीच्या संशोधकांनी 'ए-८२' नावाची अधिक विश्वासार्ह एकक्लोनी, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून येणारी, अँटिबॉडी तयार केली आणि तिच्या आधारे २०१० मध्ये दाखवले, की कर्करोगाच्या पेशींच्या अनेक प्रकारांत हा ग्राही नाहीच किंवा नगण्य आहे. दुसऱ्या बाजूच्या काही गटांना हे आजही मान्य नाही. दरम्यान २००७ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या औषधांच्या वेष्टनावर चौकटीतला इशारा छापायला लावला, तोही ग्राहीचा वाद मिटवून नव्हे. चाचण्यांतल्या मृत्यूंचे आणि बळावलेल्या कर्करोगांचे आकडे पाहून.

कंपनीच्या लेखातले रसायनशास्त्र मला बरोबर वाटते. हितसंबंध असला म्हणून पुरावा खोटा ठरत नाही. पण ही तपासणी विद्यापीठांनी आधीच करायला हवी होती, हा मुद्दा त्यामुळे पुसला जात नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या कित्येक प्रयोगशाळा वर्षानुवर्षे तीच कुपी विकत घेत होत्या, आणि ती काय पकडते हे पाहण्याची फुरसत मिळाली ती ज्याच्या उत्पन्नाला धोका होता त्यालाच. सत्य सांगणारा एकच आणि त्याचाही स्वार्थ, अशी स्थिती आली की रुग्णाच्या डॉक्टरने कुणावर विसंबायचे?

या ग्राहीच्या शोधाचे मूळ रक्ताच्या कर्करोगात आहे, आणि तिथे तर प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. १९५७ मध्ये शार्लट फ्रेंड यांनी उंदरांना ल्युकेमिया करणारा एक विषाणू शोधला. १९८९ मध्ये बॉस्टनजवळ हार्वे लॉडिश यांच्या प्रयोगशाळेत ईपीओच्या ग्राहीचा जनुक प्रथम वेगळा झाला, तोही उंदराच्या ल्युकेमियाग्रस्त पेशींतून. वर्षभरातच कळले, की फ्रेंड विषाणूचे एक पटलप्रथिन याच ग्राहीला जाऊन चिकटते आणि ईपीओ नसतानाही त्याला चालू करून ठेवते. विषाणूने चोरलेली किल्लीच ती. माणसात हे प्रकरण २०१६ मध्ये उघड झाले. लसिकापेशींच्या तीव्र ल्युकेमियाच्या एका आक्रमक उपप्रकारात काही रुग्णांमध्ये ईपीओच्या ग्राहीचा जनुक मोडून दुसऱ्या जागी जोडला जातो, आणि त्या मोडतोडीत ग्राहीची आतली शेपटी कापली जाते. संदेश थांबवण्याची सोय त्या शेपटीत असते. ती गेली की ग्राही ईपीओच्या किंचित स्पर्शानेही पेटतो आणि पेटलेलाच राहतो. फिनलंडचा स्कीइंगपटू एरो मँटिरांता याच्या घराण्यात जन्मजात असाच शेपटी तुटलेला ग्राही होता. त्याच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर होत्या आणि १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने दोन वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. त्याला ल्युकेमिया झाला नाही. तोच दोष कुठल्या पेशीत आणि कुठल्या सोबतीने येतो यावर सगळे अवलंबून.

आता सी-२० कशावर तयार केली होती ते पाहा. ग्राहीच्या शेवटच्या टोकाजवळच्या तुकड्यावर, म्हणजे त्याच आतल्या शेपटीवर. ल्युकेमियात जो तुकडा गळून पडतो, नेमका तोच शोधणारी ही अँटिबॉडी. गाठींच्या कापांत ती नसलेला ग्राही दाखवत होती. ल्युकेमियाच्या पेशीत असलेला, आणि रोग चालवणारा, ग्राही तिला दिसण्याचे कारणच नव्हते. एखाद्या संशोधकाने या रुग्णांच्या पेशी तिने तपासल्या असत्या तर उरलेल्या निरोगी जनुकाचा क्षीण पट्टा आणि एचएसपी७० चा ठसठशीत पट्टा पाहून काय निष्कर्ष काढला असता, याची कल्पना करणे अवघड नाही. जनुकाची ही मोडतोड शेवटी अँटिबॉडीने सापडली नाही, आरएनएच्या वाचनातून सापडली.

हे एकट्या ग्राहीपुरते असते तर मी हा लेख लिहिला नसता. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात चालणाऱ्या 'वायकॅरोस' या उपक्रमाने २०२३ मध्ये ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ अँटिबॉडींची तपासणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक अँटिबॉडी किमान एका वापरात नापास झाल्या. सरासरी प्रत्येक प्रथिनामागे सुमारे बारा शोधनिबंध असे सापडले, ज्यांतली अँटिबॉडी ते प्रथिन ओळखतच नव्हती. त्याआधी २०१५ मध्ये अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्लुकथुन यांनी शंभरावर शास्त्रज्ञांच्या सह्यांनी 'नेचर'मध्ये लिहिले होते, की अशा अँटिबॉडींवर जगभर वर्षाला सुमारे ८० कोटी डॉलर वाया जातात. मेंदूच्या आजारांशी संबंधित प्रथिनांसाठी वायकॅरोसची ही यादी होती. रक्ताच्या कर्करोगातली पटलप्रथिने त्याहून सुदैवी असतील असे मानायला मला आधार दिसत नाही.

वायकॅरोसची कसोटी साधी आहे आणि म्हणूनच कठोर. ज्या पेशीत प्रथिन आहे ती एक, आणि त्याच पेशीतून जनुक कापून ते प्रथिन काढून टाकलेली दुसरी, अशा दोन पेशींवर एकच अँटिबॉडी चालवायची. दुसऱ्या पेशीतही पट्टा उमटला, रंग चढला, तर ती अँटिबॉडी त्या प्रथिनाची नाही. या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या पेशींपैकी एचएपी१ ही जात मुळात एका ल्युकेमियाच्या रुग्णाच्या पेशींपासून आली आहे. त्यात बहुतेक जनुकांची एकच प्रत असल्यामुळे जनुक काढणे सोपे जाते. म्हणजे तपासणीची सामग्री या क्षेत्राच्या घरातच आहे. तपासणीचा निकाल पाहून काही कंपन्यांनी आपल्या यादीतल्या अँटिबॉडी काढून टाकल्या, अनेकींच्या शिफारसी बदलल्या. हे मात्र नोंदवायला हवे : विकणाऱ्यांनी ऐकले. घेणाऱ्यांचे तसे दिसत नाही.

घेणारे का ऐकत नाहीत? मी त्याला आळस म्हणणार नाही. आपल्याकडच्या कुठल्याही जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत हे गणित माहीत असते. परदेशातून मागवलेल्या शंभर मायक्रोलिटरच्या कुपीला हजारो रुपये मोजावे लागतात. ऑर्डर, कस्टम, कोरडा बर्फ यांत आठवडे जातात. पीएचडीच्या विद्यार्थ्याला त्या एका कुपीत सगळे प्रयोग बसवायचे असतात. त्यातला थोडा भाग 'ही खरेच चालते का' हे पाहण्यात घालवा, असे मार्गदर्शकाने सांगितले तर विद्यार्थ्याचा चेहरा उतरतो, आणि ते साहजिक आहे. तेव्हा निर्णय असा होतो : अमुक मोठ्या पेपरमध्ये ही वापरली आहे, म्हणजे चालत असणार. त्या पेपरच्या लेखकांनीही आधीच्या एका पेपरवरून हेच ठरवलेले असते. साखळीच्या सुरुवातीला कुणी तपासले होते का, हे शोधत मागे गेले तर बऱ्याचदा पहिल्या दुव्यावर कंपनीच्या सूचीपत्रातले चित्र सापडते. ते चित्र बहुधा प्रथिन मुद्दाम भरमसाट बनवायला लावलेल्या पेशींचे असते. तिथे कुठलीही अँटिबॉडी सुंदर चालते.

सशापासून मिळालेल्या बहुक्लोनी अँटिबॉडीचा आणखी एक घोळ आहे. ससा मेला की ती अँटिबॉडी संपली. पुढच्या लॉटची कुपी दुसऱ्या सशाची, नाव आणि क्रमांक तोच. १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्ज क्योलर आणि सीझर मिलस्टीन यांनी एकक्लोनी अँटिबॉडी बनवण्याची युक्ती शोधली तेव्हा हा प्रश्न सुटेल असे वाटले होते. त्यांना १९८४ चे नोबेलही मिळाले. प्रश्न निम्माच सुटला. एकच क्लोन आयुष्यभर तेच प्रथिन पकडतो हे खरे, पण तो भलतेच प्रथिन पकडत असला तर आयुष्यभर भलतेच पकडतो. आज ज्यांचा जनुकीय क्रम माहीत आहे अशा, पेशींच्या संवर्धनात बनवलेल्या अँटिबॉडी मिळतात. वायकॅरोसच्या तपासणीत त्या सर्वांत सरस ठरल्या. प्रयोगशाळांच्या खरेदीत त्यांना प्राधान्य द्या, असा एक ओळीचा नियम कुठल्याही निधी देणाऱ्या संस्थेला करता येईल. अजून मला तो ठळकपणे दिसलेला नाही.

आणि गंमत अशी, की रक्तकर्करोगाच्या शास्त्राने हे धडे एकदा गिरवले होते. १९८० च्या आसपास पांढऱ्या पेशींवरच्या प्रथिनांसाठी शेकडो एकक्लोनी अँटिबॉडी तयार झाल्या होत्या आणि प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या अँटिबॉडीला आपलेच नाव देत होती. १९८२ मध्ये पॅरिसला एक कार्यशाळा भरली. सगळ्यांनी आपल्या अँटिबॉडी सांकेतिक क्रमांक लावून एकमेकांना वाटल्या. कुठली कुठल्या पेशीला चिकटते हे अनेकांनी नावे न पाहता तपासले. सारखी वागणूक दिसली त्यांचे गट पाडले. सीडी४, सीडी८, सीडी१९, सीडी३३ ही आज कुठल्याही रक्ततपासणी अहवालात दिसणारी नावे त्या पद्धतीतून आली. आपल्या अँटिबॉडीचा अभिमान बाजूला ठेवून ती परक्याच्या हाती तपासायला देणे, हा त्या कार्यशाळांचा कणा होता. म्हणून पेशींवरची ही प्रथिने मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीने होणारे ल्युकेमियाचे निदान बऱ्यापैकी भक्कम आहे, आणि म्हणूनच नव्या, यादीबाहेरच्या पटलप्रथिनांच्या अँटिबॉडींचा मोकाट बाजार अधिक डाचतो.

पण या भक्कम भागातही एक सावधगिरीची गोष्ट सांगायची आहे, आणि ती आपल्या दाराशी येऊन पोचली आहे. चांगली अँटिबॉडीसुद्धा प्रथिन पाहत नाही, प्रथिनाचा एक तुकडा पाहते. सीडी३३ घ्या. मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशींवरच्या या प्रथिनावर नेम धरणारे जेमटुझुमॅब हे औषध २००० मध्ये आले, २०१० मध्ये मागे घेतले गेले, २०१७ मध्ये परत आले. अनेकांच्या जनुकात एका अक्षराचा फरक असतो, त्यामुळे सीडी३३ चा बाहेरचा एक भाग गाळलेले प्रथिन तयार होते, आणि औषध नेमके त्या भागाला चिकटते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मुलांच्या एका चाचणीच्या विश्लेषणात दिसले, की तो भाग शाबूत ठेवणारा जनुकप्रकार असलेल्या मुलांत औषधाने रोग उलटण्याचे प्रमाण ४९ वरून २६ टक्क्यांवर आणले. इतरांत लाभ दिसला नाही. ब्रिटनमधल्या प्रौढांच्या चाचण्यांत मात्र हा संबंध आढळला नाही, तेव्हा तो मुद्दा अजून वादात आहे. वाद मिटेपर्यंत 'सीडी३३ पॉझिटिव्ह' या दोन शब्दांवर औषध ठरवणारा डॉक्टर अर्धवट माहितीवर ठरवत असतो.

सीडी१९ चे प्रकरण याहून गंभीर आहे. रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांच्यावर सीडी१९ ओळखणारा अँटिबॉडीचा तुकडा बसवून त्या परत सोडायच्या, या कार-टी उपचाराने लसिकापेशींच्या ल्युकेमियातले कित्येक रुग्ण वाचले. अमेरिकेत तो २०१७ मध्ये मान्य झाला. भारतात आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभा राहिलेला नेक्सकार१९ हा उपचार ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्य झाला आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचा आरंभ झाला. परदेशात कोट्यवधी रुपये लागणारी गोष्ट अर्ध्या कोटीच्या आत आली, हे साधे यश नव्हे. पण काही रुग्णांत रोग उलटतो, आणि तेव्हा तपासणीचा अहवाल म्हणतो : 'सीडी१९ निगेटिव्ह'. पेशींनी लक्ष्यच टाकून दिले, असा त्याचा अर्थ लावला जातो.

नेहमीच तसे नसते. २०१५ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातल्या गटाने दाखवले, की काही उलटलेल्या ल्युकेमियात सीडी१९ चा दुसरा खंड गाळलेले प्रथिन तयार होत राहते. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कार-टीतला एफएमसी६३ हा क्लोन, आणि रोजच्या तपासणीतले बरेच क्लोन, सीडी१९ च्या याच भागाजवळ चिकटतात. तो भाग गेला की उपचार आंधळा होतो आणि त्याबरोबर तपासणीही, एकाच वेळी, एकाच कारणाने. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने एका तरुण रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. टी-पेशी तयार करताना चुकून एकच ल्युकेमियाची पेशी त्यांत राहिली आणि तिच्यावरही तोच अँटिबॉडीचा तुकडा, म्हणजे कार, बसला. तो कार तिच्याच सीडी१९ ला झाकून बसला. त्या एका पेशीची प्रजा वाढली, टी-पेशींना दिसली नाही, आणि सुमारे नऊ महिन्यांनी रोग परत आला. तपासणीत सीडी१९ नाही; प्रत्यक्षात ते तिथेच, झाकलेले.

या चुकीची पुढची पायरी मला दिसते ती संगणकावर. नव्या कार-टीसाठी लक्ष्ये शोधायला आता प्रकाशित लेख आणि रंगवलेल्या पेशीजालांच्या प्रचंड संग्रहांतून यंत्रशिक्षणाने याद्या काढल्या जातात. सी-२० सारख्या अँटिबॉडीने रंगवलेले जुने निकाल त्या संग्रहांत आहेतच. ते मागे घेतले गेले नाहीत, दुरुस्तही झाले नाहीत. यंत्राला ते पुरावे म्हणूनच दिसणार. भलत्या लक्ष्यावर टी-पेशी सोडणे आणि भलत्या कापावर रंग चढणे यांत धोक्याचे अंतर फार मोठे आहे. टी-पेशी चूक दुरुस्त करत नाहीत, त्या मारतात.

म्हणून मुंबईत किंवा पुण्यात उद्या कार-टीनंतर रोग उलटलेल्या रुग्णाच्या अहवालावर 'सीडी१९ निगेटिव्ह' असे आले, तर डॉक्टरांनी आणखी तीन गोष्टी मागाव्यात : कुठल्या क्लोनने तपासले, तो क्लोन उपचारातल्या अँटिबॉडीच्याच भागाशी झुंजतो का, आणि प्रथिनाच्या पेशीतल्या टोकाला चिकटणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीने किंवा आरएनए तपासून खात्री केली का. यानंतर सीडी२२ या दुसऱ्या पटलप्रथिनावर नेम धरणारा उपचार घ्यायचा की सीडी१९ च्याच दुसऱ्या भागावर परत प्रयत्न करायचा, हा निर्णय त्या तीन उत्तरांवर अवलंबून असतो, आणि ती उत्तरे मागितल्याशिवाय अहवालात येत नाहीत.